वारणावतातल्या भिंतींचा वास



आजचं वाचन: महाभारत, आदिपर्व, जतुगृहपर्व. म्हणजे आपण लहानपणापासून ज्याला लाक्षागृहाची गोष्ट म्हणतो तीच.

क्रमाने गेलो असतो तर हे पर्व अजून आठवडाभराने आलं असतं. पण गेल्या काही दिवसांत तुमचे जे मेसेज आले त्यात एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत होता. 'कंपनीत काहीतरी शिजतंय, जपाला बसलं तरी तेच डोक्यात येतं.' 'मॅनेजर एकदम गोड बोलायला लागलाय, भीती वाटते.' एकाने तर सरळ विचारलंय की नोकरी जाणार हे आधी ओळखता येतं का, आणि ओळखून तयारी करणं म्हणजे देवावरचा विश्वास कमी असणं का? या दुसऱ्या प्रश्नासाठी मी हे पर्व आधी घेतलं.

आमच्या माळशिरस, अकलूज, नातेपुते भागातली किती तरी मुलं-मुली आज हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात आहेत. वारीत माऊलींची पालखी माळशिरस मुक्कामी येते तेव्हा त्यातले बरेच जण एक दिवसाची सुट्टी टाकून येतात, आणि दर्शनाच्या रांगेत हल्ली 'तुझ्याकडे काय परिस्थिती?' हे हळू आवाजात विचारलं जातं. कारण सगळ्यांना माहिती आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जाहीर केलं की त्या आर्थिक वर्षात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून जास्त माणसं कमी होतील, आणि त्यात मधल्या नि वरच्या फळीतली जास्त असतील. त्याच्या महिनाभर आधी, जूनमध्ये, तिथे नियम आला होता की वर्षात किमान २२५ दिवस बिलेबल कामावर असायला हवं आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त राहता येणार नाही. या दोन निर्णयांचा एकमेकांशी संबंध होता की नव्हता ते कंपनी जाणे. पण आतल्या माणसाच्या दृष्टीने जून आधी आला आणि जुलै नंतर. पुढे पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने सक्तीने राजीनामे घेतल्याचा आरोप केला, कंपनीने तो आणि त्यातले आकडे नाकारले. त्या वादात आपण आज पडत नाही. आपल्याला बघायचंय ते जून आणि जुलैच्या मधल्या दिवसांकडे. त्या दिवसांत माणसाने कसं असावं?

वारणावतात पांडव तशाच मधल्या दिवसांत राहिले. साधारण एक वर्ष.

गोष्टीची सुरुवात बघा. कोणीही पांडवांना 'जा' म्हणत नाही. धृतराष्ट्राचे मंत्री दरबारात सहज बोलल्यासारखं वारणावताचं कौतुक करतात. किती सुंदर नगर, तिथे पशुपतीचा केवढा मोठा उत्सव! ऐकून पांडवांनाच जावंसं वाटतं, मग धृतराष्ट्र म्हणतो, जाऊन या की, मजा करा, दानधर्म करा, मग परत या. बदलीची ऑर्डर नाही, शिक्षा नाही, उलट संधी. युधिष्ठिराला त्याच वेळी कळतं की यामागे काकाची इच्छा वेगळी आहे. पण आपल्या बाजूने कोणी नाही हेही त्याला दिसतं, आणि तो हो म्हणतो. हा हो भोळेपणाचा नाही. ज्याच्या हातात सत्ता, खजिना आणि हेर आहेत त्याला तोंडावर नाही म्हणायची आपली आज ताकद नाही, एवढा हिशेब त्यात आहे.

वारणावतात पहिले दहा दिवस ते दुसऱ्याच घरात राहतात. मग पुरोचन त्यांना नवीन वाडा दाखवतो. उंची पलंग, आसनं, खाणंपिणं, सगळं. आणि या घराचं नाव काय ठेवलंय माहितीये? 'शिव'. म्हणजे मंगल, कल्याणकारी. व्यासांनी तिथेच टोला दिलाय की नाव शिव आणि वास्तू अशिव. मला हे वाचताना दर वेळी आमच्या क्षेत्रातले शब्द आठवतात. रिस्ट्रक्चरिंग. राइटसायझिंग. टॅलेंट ऑप्टिमायझेशन. फ्युचर रेडी. जेव्हा टाउनहॉलमध्ये एखादा नवीन मंगल शब्द तीन वेळा ऐकू येतो तेव्हा कान टवकारावेत. नुसता शब्द आला म्हणून घाबरायचं कारण नाही, पण त्या शब्दाखाली आकडे काय आहेत ते बघावं.

आता या पर्वातला मला सर्वात आवडणारा क्षण. युधिष्ठिर घरात पाऊल टाकतो, हुंगतो आणि भीमाला सांगतो की हे घर पेटवण्यासाठी बांधलंय, कारण तूप-चरबी आणि लाखेचा वास येतोय. ताग, राळ, मुंज, गवत, बांबू, सगळं तुपात भिजवलंय.

यातली एकही वस्तू वाईट नाही. तूप प्रत्येकाच्या घरात असतं, पण देवघरात आणि फडताळात. भिंतीत नसतं. बांबू, गवत तर त्या काळच्या प्रत्येक घराला लागत असणार. युधिष्ठिराने ओळखलं ते वस्तूंवरून नव्हे, वस्तू चुकीच्या जागी होत्या आणि सगळ्या एकत्र होत्या यावरून.

नोकरीतल्या खुणांचंही असंच आहे, आणि इथेच आपण गल्लत करतो. एक मीटिंग रद्द झाली की रात्रभर झोप नाही. अहो, मीटिंग रद्द होतच असतात. केटी डॉक्युमेंट लिहायला सांगणं हीसुद्धा चांगली सवय आहे, प्रत्येक टीमने करावी. पण जे काम फक्त तुम्हालाच येतं त्याचंच केटी अचानक पंधरा दिवसांत मागितलं, ते ज्याला द्यायचं तो माणूस दुसऱ्या लोकेशनचा आहे, पुढच्या क्वार्टरच्या प्लॅनिंगमध्ये तुमच्या नावापुढे काही नाही, सोडून गेलेल्या दोघांच्या जागा भरायला परवानगी मिळत नाही, आणि क्लायंटच्या कॉलवरून तुमचं नाव गळालंय. हे सगळं एका महिन्यात घडलं तर तो वास आहे. त्यात आणखी एक बघायचं: आजवर तोंडी होणारा फीडबॅक एकदम मेलवर यायला लागतो, 'जसं आपण बोललो' असं लिहून, आणि जे बोलणं झालंच नव्हतं ते त्यात असतं. कागद तयार होतोय हे ओळखावं. पीआयपी त्यानंतर येतो. काही ठिकाणी तो खरंच सुधारण्यासाठी असतो, हे मी बघितलंय. पण उद्दिष्टं मोजता येण्यासारखी नसतील, मुदत तीस दिवसांची असेल आणि मदतीला कोणीच नेमलेलं नसेल, तर सुधारणा कोणालाच नकोय.

छोट्या कंपनीत, स्टार्टअपमध्ये खुणा वेगळ्या. तिथे पगार एक तारखेचा पाच, मग दहा होतो. व्हेंडरचे लोक पैशासाठी रिसेप्शनला येऊन बसतात. पगारपत्रकावर पीएफ कापलेला दिसतो आणि पासबुकात जमा नसतो. ही खूण सर्वात पक्की आणि सर्वात कमी बघितली जाणारी. कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणं मालकावर बंधनकारक आहे आणि तुमचं पासबुक ईपीएफओच्या साइटवर किंवा उमंग ॲपवर पाच मिनिटांत दिसतं. (मला कुंडली पाठवून साडेसाती चालू आहे का विचारणारे दोघे जण आहेत. त्यांनी आधी हे पासबुक बघावं ही प्रेमाची विनंती.)

आमच्या तालुक्याला हे शास्त्र नवीन नाही. इथे आयटीच्या कितीतरी आधी साखर आली, माळीनगरचा सासवड माळी शुगर १९३२ सालचा. साखर कारखान्यात आयुष्य काढलेला फिटर कधी बॅलन्सशीट वाचत नाही. तो बघतो की गाळप संपल्यावर ऑफ सीझनच्या देखभालीचं सामान आलं की नाही, रोलर उघडले की नाही, हंगामी कामगारांचा रिटेन्शन भत्ता वेळेवर पडला की नाही. दसऱ्याच्या सुमाराला बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, फुलं, नारळ, पूजा, पाहुणे, फोटो. जुना माणूस त्या पूजेला भक्तिभावाने हात जोडतो, पण यंदा कारखाना चालणार का हे त्याला श्रावणातच कळलेलं असतं, सामानावरून. देवाला नमस्कार आणि सामानावर नजर, दोन्ही एकाच माणसात. मला यात काही विसंगती दिसत नाही.

पण वास ओळखायच्याही आधी एक गोष्ट घडली होती. विदुर.

पांडव हस्तिनापुरातून निघतात तेव्हा निरोप द्यायला आलेले सगळे मागे फिरतात आणि विदुरकाका चालता चालता युधिष्ठिराशी इतरांना न कळणाऱ्या भाषेत बोलतात. सारांश असा: एक शस्त्र असं असतं जे लोखंडाचं नसतं तरी शरीर नष्ट करतं. रान जाळणारी आग बिळात राहणाऱ्याला जाळत नाही. साळिंदराच्या बिळाला अनेक तोंडं असतात. हिंडणाऱ्याला वाटा कळतात, नक्षत्रांवरून दिशा कळतात, आणि आपल्या पाचांना ताब्यात ठेवणारा संकटात सापडत नाही. युधिष्ठिर एवढंच म्हणतो की कळलं.

विदुराची अडचण समजून घ्या. तो दुर्योधनाच्या बाजूचा नाही, पण हस्तिनापूरचा मंत्री आहे. उघड बोलला तर त्याचंही जाईल आणि पांडवांचंही. मग तो कोड्यात बोलतो. असे विदुर आपल्या ऑफिसात असतात. माझ्या आधीच्या एका कंपनीत आमचे लीड फारसं न बोलणारे. एकदा चहाला खाली गेलो असताना त्यांनी काही संबंध नसताना विचारलं, 'गावाकडचं घर बांधायला काढणार होतास ना? यंदा नको काढूस. पाऊस बरा दिसत नाही.' पाऊस तर त्या वर्षी उत्तम होता. मी घर काढलं नाही. यादीबद्दल एक अक्षर न बोलता त्या माणसाने जे करायचं ते केलं. एचआरमध्ये, फायनान्समध्ये असलेल्या वाचकांना माझं सांगणं, गोपनीयतेचा शब्द मोडू नका, पण कोणी सहज बोलताना म्हणाला की मी मोठं कर्ज काढतोय, तर पावसाबद्दल बोलता येतं. आणि बाकीच्यांनी, बाबांनो, कोडं ऐकू आलं की 'म्हणजे काय? नीट सांगा' म्हणून त्या माणसाला भिंतीला टेकवू नका. युधिष्ठिराने टेकवलं नाही.

आता तो विश्वासाचा प्रश्न. तयारी करणं म्हणजे श्रद्धा कमी का?

लोक यावर गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला कर्माच्या अधिकाराचा श्लोक पुढे करतात. फळाची चिंता नको, काम करत राहा. माझ्या मते हा त्या श्लोकाचा गैरवापर आहे. फळाची आसक्ती सोड हे ज्याला सांगितलं तो अर्जुन आज आपण वाचतोय त्याच घरात एक वर्ष रात्री शस्त्रं जवळ ठेवून झोपलेला आहे. डोळे मिटून बस असं त्याला कोणी सांगितलेलं नाही.

आणि एक गोष्ट लक्षात आलीये का? या सगळ्या प्रसंगात श्रीकृष्ण कुठेच नाही. पांडवांची आणि त्याची भेट पुढे द्रौपदीच्या स्वयंवराच्या वेळी होते. चमत्कार नाही, आकाशवाणी नाही, सुदर्शन नाही. मग देव आला कोणत्या रूपात? एक खनक येतो. विदुराने पाठवलेला, खणण्यात तरबेज असा कामगार. तो ओळख काय सांगतो, तर निघताना विदुर तुमच्याशी वेगळ्या भाषेत बोलले होते ना, त्यांचाच मी माणूस. कृष्णपक्षातल्या चतुर्दशीच्या रात्री पुरोचन दाराला आग लावणार, हेही तो सांगतो. आणि मग घराच्या मधोमध भुयार खणतो, तोंडावर फळ्या टाकून जमिनीशी सारखं करतो. माळशिरस भागात विहिरी खणणारी माणसं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे काम काय असतं ते कळेल. घाम, माती, अंधार. ज्या पंढरीच्या वाटेवर आपण राहतो तिथला देव जनाबाईबरोबर दळायला बसतो, मग वारणावतात तो कुदळ घेऊन आला असं मानायला मला काहीच जड जात नाही. उलट भुयार खणायला आलेल्याला 'नको, माझा देवावर विश्वास आहे' म्हणून परत पाठवणारा माणूस मला जास्त काळजीचा वाटतो.

भीम म्हणाला होता, कळलंय ना, मग आत्ताच निघू, आधीच्या घरी परत जाऊ. युधिष्ठिर नाही म्हणतो. आपल्याला कळलंय हे पुरोचनाला कळलं तर तो आजच पेटवेल. आणि पळून गेलो तर जाणार कुठे? ना पद, ना सहाय्य, ना पैसा. दुर्योधनाकडे सगळं आहे. म्हणून राहायचं, चेहरा नेहमीसारखा ठेवायचा, दिवसा शिकारीच्या निमित्ताने रानोमाळ हिंडून वाटा ओळखायच्या. धर्मराज म्हणवणारा माणूस वर्षभर विश्वास नसताना विश्वास असल्यासारखा राहिला. तेव्हा तुम्ही दुसरीकडे मुलाखती देताय हे मॅनेजरला सांगितलं नाही म्हणून अधर्म होत नाही. दिलेलं काम मात्र चोख करायचं, त्यात कसूर नको.

भुयार म्हणजे आज काय, हे मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला, शेअरमध्ये अडकलेले नव्हे, हाताला लागतील असे. आईवडिलांचा मेडिक्लेम. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपण त्यांना कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत टाकून निश्चिंत होतो आणि ती पॉलिसी साधारण नोकरीबरोबरच संपते. बाहेर नवीन पॉलिसी घेतली की आधीपासूनच्या बीपी, शुगरसारख्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून ती आग लागायच्या आधी घ्यायची, थांबण्याचा काळ नोकरीत असतानाच सरतो. पगारपत्रकं, फॉर्म १६, अप्रेझलची पत्रं ऑफिसच्या लॅपटॉपवरच पडलेली असतात, ॲक्सेस एका क्षणात जातो. तुमची स्वतःची कागदपत्रं घरी आणून ठेवा. कंपनीचा कोड, क्लायंटचा डेटा यांना हात लावायचा नाही, ती चोरी आहे. वाटा ओळखणं म्हणजे जुन्या सहकाऱ्यांना फोन करणं, गरज नसताना, नुसती विचारपूस म्हणून. आणि एखाद्या खोलीत बोलावून राजीनाम्यावर आत्ताच सही करा म्हणाले तर शांतपणे 'मला हे मेलवर पाठवा, वाचून सांगतो' म्हणता येतं. सही झाली की कागदावर तुम्ही आपल्या मर्जीने गेलेले असता. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळते, ती विसरू नका.

विदुराच्या बोलण्यातले ते पाच. पाच भाऊ असाही अर्थ लागतो, पाच इंद्रियं असाही. मी दुसरा घेतो. रात्री दोन वाजता लिंक्डइनवर कोण कोण 'ओपन टू वर्क' झालंय ते मोजत बसणं, टेलिग्रामच्या ग्रुपवरच्या फिरत्या याद्या, चहाच्या टपरीवरचे तर्क, याने खुणा ओळखायची शक्ती वाढत नाही, घटते. सारखा धूर हुंगणाऱ्याला वास येईनासा होतो. इथे नामाचा खरा उपयोग आहे. नाम घेतल्याने नोकरी टिकेल असं मी सांगणार नाही, तसं कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. पण संध्याकाळी अर्धा तास हरिपाठ झाला की दिवसभरातली कोणती गोष्ट खूण होती आणि कोणता नुसता आवाज होता, हे बऱ्यापैकी वेगळं होतं. माझा हा रोजचा अनुभव आहे.

विदुर बोलून गेल्यावर कुंतीमाता विचारते, तो काय म्हणाला? आम्हाला कोणालाच कळलं नाही, सांगण्यासारखं असेल तर सांग. आणि युधिष्ठिर सांगतो. आगीपासून सावध राहा म्हणाले, वाटा ओळखून ठेवा म्हणाले. आईला सांगतो!

आपल्याकडची पोरं सांगत नाहीत. 'आई-आप्पांना कशाला टेन्शन.' गावात घरच्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलेलं असतं, पोरगा अमक्या कंपनीत आहे. त्या अभिमानाखाली पोरगा दबतो. नोकरी गेल्यावर महिना महिना रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडणारी आणि लायब्ररीत, मॉलमध्ये बसून संध्याकाळी परतणारी माणसं पुण्यात आहेत, त्यातल्या एकाने मला तीन पानी मेल लिहिलाय. बायकोलाही सांगितलेलं नाही. त्याला मी खाजगीत उत्तर दिलंच आहे, इथे बाकीच्यांसाठी लिहितो. ज्या आप्पांनी दोन दुष्काळ काढले, ऊस तोडणीविना उभा राहिलेला बघितला, बिलाची वाट बघत मुलीचं लग्न केलं, त्यांना नोकरी जाण्याचं भय तुमच्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना पीआयपी म्हणजे काय कळणार नाही, आगीपासून सावध हे कळेल. आणि ते कदाचित एवढंच म्हणतील की बरं, मग यंदा ट्रॅक्टर नको. भुयाराची अर्धी माती तिथेच निघते.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. आता या पर्वातला जो भाग कीर्तनात सहसा गाळला जातो तो.

वर्ष उलटतं. पुरोचन निर्धास्त झालेला दिसतो तेव्हा युधिष्ठिर ठरवतो की आता निघायची वेळ झाली. त्या रात्री कुंती दानधर्म करते, लोकांना जेवू घालते. जेवायला एक निषाद स्त्री येते, तिच्याबरोबर तिचे पाच मुलगे. खातात, पितात आणि तिथेच गाढ झोपतात. रात्री वारा सुटतो, भीम आग लावतो, पांडव आणि कुंती भुयारातून निघून जातात. पुरोचन जळतो. (यादी बनवणारा पुढच्या यादीत असतो, हे आमच्या क्षेत्रातही पाहिलंय.) आणि ती आई आणि तिचे पाच मुलगेही जळतात. सकाळी लोकांना सहा देह सापडतात आणि नगर पांडवांसाठी रडतं. त्या सहा जणांसाठी कोणी रडल्याचं लिहिलेलं नाही. त्यांची नावंही नाहीत.

टीकाकारांनी यावर बरंच म्हटलंय. ते झोपलेत हे पांडवांना माहीत होतं का, काळाने त्यांना तिथे आणलं का. मला त्यातलं कुठलंच उत्तर पुरत नाही, आणि व्यासांनी हा प्रसंग लपवला नाही याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. सुटणारे धर्मात्मे होते, त्यांचं सुटणं आवश्यक होतं, आणि तरीही घरात कोणीतरी झोपलेलं होतं.

तुमच्या फ्लोअरवर कोण झोपलेलं आहे? ज्याची पहिलीच नोकरी आहे आणि ज्याला अजून वाटतं की रेटिंग चांगलं म्हणजे आपण सुरक्षित, तो. व्हेंडरच्या पेरोलवरची टेस्टर, जिचं नाव कुठल्याच बातमीतल्या आकड्यात येत नाही, कारण कंपनीच्या लेखी ती कधी कर्मचारी नव्हतीच. हाउसकीपिंगच्या मावशी. एक मजला रिकामा झाला की सर्वात आधी त्यांना सांगितलं जातं की उद्यापासून येऊ नका, आणि त्यांच्याकडे कोणी विदुर पाठवलेला नसतो. कॅबवाले दादा, ज्यांनी या मजल्याच्या भरवशावर गाडीचं कर्ज घेतलंय.

आपल्याला वास आधी येतो. शिक्षणामुळे, भाषेमुळे, मीटिंगमध्ये बसायला मिळतं म्हणून. आपण आपलं भुयार खणतो, दुसरी ऑफर घेतो, शेवटच्या दिवशी केक कापतो, 'एक्सायटेड टू शेअर' लिहितो. सगळं रास्त आहे, मी कोणालाही नावं ठेवत नाही. पण निघण्याच्या आधी त्या मावशींना एवढं सांगायला काय लागतं की मावशी, हा मजला पुढच्या महिन्यात रिकामा होतोय असं दिसतंय, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये चौकशी करून ठेवा, आणि तुमचा पीएफ कापतात ना, चला, तुमच्या फोनवर बघू जमा होतोय का. त्या ज्युनिअरला म्हणता येतं की बाळा, यंदा ईएमआयवर बाइक नको. अफवा पसरवायची नाही, यादीतली नावं सांगायची नाहीत. खात्रीने माहीत नसेल तर 'मला असं वाटतं' एवढंच म्हणायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

या आठवड्यात तुमच्यापैकी ज्यांना ऑफिसात वास येतोय त्यांनी जपाची एक माळ संपली की असं एक नाव आठवा आणि त्या माणसाशी बोला. काय झालं ते मला कळवलंत तर आवडेल, माणसाचं आणि कंपनीचं नाव न लिहिता.

उद्याचं वाचन: हिडिंबवधपर्व. सगळे थकलेत, रात्र आहे, रान अनोळखी आहे, आणि भीम आईला नि भावांना उचलून चालतोय, तिथून पुढे वाचू.

राम कृष्ण हरी.